पाच अंश, पंचेचाळीस अंश: मिनीच्या कॅमशाफ्टचा इतिहास

१/
१९५९ साली रस्त्यावर आलेल्या साध्या मिनीचे इंजिन ३४ अश्वशक्तीचे होते. १९६४ च्या जानेवारीत माँटे कार्लो रॅली जिंकणारी मिनी कूपर एस ज्या मॉडेलची होती, त्या मॉडेलचे इंजिन ७० अश्वशक्तीचे. या दोन गाड्यांच्या कारखाना-पुस्तिका शेजारी ठेवल्या तर एक आश्चर्य दिसते. हवा-इंधनाचे मिश्रण आत घेणारी झडप केव्हा उघडावी आणि केव्हा मिटावी, याचे आकडे दोन्हींत एकच आहेत: ५ अंश आणि ४५ अंश. मग दुप्पट शक्ती आली कोठून?

२/
प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण छोट्या जुन्या गाड्यांच्या शौकिनांत एक सल्ला पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे: जोर हवा असेल तर कॅमशाफ्ट बदला. सल्ला खोटा नाही, पण अर्धा आहे. उरलेला अर्धा भाग ज्या इंजिनाच्या इतिहासात सर्वांत स्पष्ट वाचता येतो, ते इंजिन म्हणजे ब्रिटनमधील ऑस्टिन कंपनीचे 'ए-सिरीज'. हा धागा त्या इंजिनाचा आणि त्याच्या पोटात फिरणाऱ्या एका दांड्याचा.

३/
प्रथम यंत्र समजून घेऊ. कॅमशाफ्ट म्हणजे ठरावीक जागी उंचवटे असलेला पोलादी किंवा बिडाचा दांडा. क्रँकशाफ्ट दोनदा फिरला की हा एकदा फिरतो. प्रत्येक उंचवटा टॅपेटला वर ढकलतो, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड रॉकरला, आणि रॉकर झडपेला खाली दाबून उघडतो. उंचवटा पुढे सरकला की स्प्रिंग झडप मिटवते. ए-सिरीजमध्ये हा दांडा डोक्यावर नसून सिलिंडरांच्या बाजूला, ब्लॉकमध्येच बसतो. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत अनेक वर्षे धावलेल्या प्रीमियर पद्मिनीच्या १,०८९ सीसी इंजिनातही रचना याच जातीची होती.

४/
उंचवट्याचा आकार दोन गोष्टी ठरवतो: झडप किती उघडेल आणि किती वेळ उघडी राहील. हा वेळ क्रँकशाफ्टच्या अंशांत मोजतात. साध्या मिनीत पिस्टन वरच्या टोकाला पोहोचण्याच्या ५ अंश आधी आतली झडप उघडू लागते आणि पिस्टन तळ गाठून ४५ अंश पुढे गेल्यावर मिटते. खाली येण्याचे १८० अंश त्यात मिळवले की एकूण २३० अंश होतात. म्हणजे पिस्टन पुन्हा वर निघालेला असतानाही झडप उघडीच असते. हा दोष नव्हे, हेतू आहे.

५/
हवेलाही वजन असते. एकदा वेग घेतला की ती लगेच थांबत नाही. पिस्टन वर निघाला तरी मागून येणाऱ्या हवेचा लोट आत घुसतच राहतो, म्हणून झडप थोडी उशिरा मिटवणे लाभाचे ठरते. पण 'थोडी' म्हणजे किती? मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर २३० अंश पार पडायला सुमारे ६.४ सहस्रांश सेकंद लागतात, १,००० फेऱ्यांवर सुमारे ३८. वेगाने फिरणाऱ्या इंजिनाला वेळ अपुरा पडतो. संथ फिरणाऱ्या इंजिनात मात्र लोटाला जोर नसतो, आणि वर येणारा पिस्टन आत घेतलेले मिश्रण त्याच वाटेने परत ढकलतो.

६/
कॅमशाफ्टचे सारे राजकारण येथे आहे. उंचवटा लांबवला की वरच्या फेऱ्यांवर शक्ती वाढते, खालच्या फेऱ्यांवर घटते. एकच आकार दोन्हीकडे सर्वोत्तम ठरू शकत नाही. उंचवट्याचा आकार घासून कायम केलेला असतो आणि चालकाला तो चालत्या गाडीत बदलता येत नाही. इंजिन कोणत्या फेऱ्यांवर आपले आयुष्य काढणार, हे कॅमशाफ्ट निवडणाऱ्याला आधीच ठरवावे लागते.

७/
आता इतिहास. ए-सिरीजचा जन्म १९५१ चा, ऑस्टिन ए-३० या छोट्या कुटुंबी गाडीसाठी. आकारमान ८०३ सीसी, शक्ती २८ अश्वशक्ती. युद्धोत्तर ब्रिटनला काटकसरी गाडी हवी होती आणि हे इंजिन त्या गरजेला धरून घडले होते. सिलिंडर-हेडच्या ज्वलनकक्षाचा हृदयाकृती आकार हॅरी वेस्लेक या हवेच्या प्रवाहाचा अभ्यास केलेल्या तंत्रज्ञाच्या कल्पनेतून आला. ऑस्टिन आणि मॉरिस १९५२ मध्ये एकत्र येऊन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन, म्हणजेच बीएमसी, स्थापन झाली आणि हे इंजिन मॉरिसच्या गाड्यांतही जाऊ लागले.

८/
काटकसरीची एक खूण हेडमध्ये कायमची राहिली. चार सिलिंडर आणि आठ झडपा, पण वाटा पाचच. मिश्रण आत येण्याच्या वाटा दोन: एक पहिल्या-दुसऱ्या सिलिंडरची सामाईक, दुसरी तिसऱ्या-चौथ्याची. धूर बाहेर जाण्याच्या तीन: दोन्ही टोकांच्या सिलिंडरांना स्वतंत्र, मधल्या दोघांना मिळून एक. अशा हेडचे ओतकाम सोपे होते आणि खर्च वाचतो. २८ अश्वशक्तीच्या गाडीत ही भागीदारी कोणाला जाणवण्याचे कारण नव्हते. पुढे शक्ती वाढवू पाहणाऱ्या प्रत्येकाला मात्र ती जाणवली.

९/
१९५६ च्या सुवेझ पेचप्रसंगाने ब्रिटनमध्ये पेट्रोलची टंचाई आली. बीएमसीचे प्रमुख लिओनार्ड लॉर्ड यांनी अलेक इसिगोनिस यांच्याकडे खऱ्या अर्थाने छोट्या गाडीचे काम सोपवले. इसिगोनिस यांनी इंजिन आडवे बसवले आणि गिअरबॉक्स त्याच्याखाली, तेलाच्या टाकीतच ठेवली. नमुना गाडीतले ९४८ सीसी इंजिन तिला ताशी १४५ किलोमीटरच्या आसपास नेऊ लागले, तेव्हा सामान्य ग्राहकासाठी हा वेग अति ठरवला गेला. पिस्टनची चाल आखूड करून इंजिन ८४८ सीसीचे केले. मिनी २६ ऑगस्ट १९५९ रोजी जाहीर झाली, ती अशी मुद्दाम आवरलेली.

१०/
हा आवर सैल करणारा माणूस जॉन कूपर. त्याच्या कंपनीच्या गाड्यांनी १९५९ आणि १९६० ची फॉर्म्युला वन अजिंक्यपदे जिंकली होती. फॉर्म्युला ज्युनिअर या नवोदितांच्या शर्यतीत कूपरच्या गाड्या ए-सिरीजवर आधारलेले इंजिन वापरत, त्यामुळे हे इंजिन किती ताण सोसते हे त्याला ठाऊक होते. इसिगोनिस यांना वेगवान मिनीत फारसा रस नव्हता. कूपरने बीएमसीचे जॉर्ज हॅरिमन यांना गाठले. प्रत्येक गाडीमागे कूपरला दोन पौंड असा व्यवहार ठरला आणि १९६१ मध्ये मिनी कूपर विक्रीस आली.

११/
या पहिल्या कूपरचे इंजिन ९९७ सीसी, ५५ अश्वशक्ती, मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर. दोन कार्ब्युरेटर, मोठ्या झडपा, दुहेरी स्प्रिंगा आणि नवा कॅमशाफ्ट. आतली झडप १६ अंश आधी उघडणारी, ५६ अंश नंतर मिटणारी. एकूण २५२ अंश. बाहेरची ५१ आणि २१, तीही २५२ अंश. प्रचलित सल्ल्याचा हा पाठ्यपुस्तकी नमुना होता: उंचवटे लांब करा, फेरे वाढवा, शक्ती मिळवा.

१२/
मात्र किंमत मोजावी लागली. ९९७ सीसी हे आकारमान मुख्यतः पिस्टनची चाल ८१.२८ मिलिमीटरपर्यंत लांबवून साधले होते. ६,००० फेऱ्यांवर अशा पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १६ मीटरहून अधिक भरतो. म्हणजे कॅमशाफ्ट वरच्या फेऱ्यांसाठी आणि लांब चाल खालच्या फेऱ्यांसाठी. दोन भाग दोन दिशांना ओढत होते.

१३/
१९६४ च्या आरंभी बीएमसीने हे इंजिन गुपचूप बदलले. नवे ९९८ सीसी, म्हणजे फरक एका सीसीचा. चाल आखूड, ७६.२ मिलिमीटर. सिलिंडर रुंद. हेड सुधारलेले. आणि कॅमशाफ्ट? आतल्या झडपेचे आकडे पुन्हा ५ आणि ४५, साध्या मिनीचेच. बाहेरच्या झडपेचे ५१ आणि २१ तेवढे राखले. शक्ती तीच, ५५ अश्वशक्ती, पण ५,८०० फेऱ्यांवर. खेचण्याची ताकद वाढली आणि तिचे शिखर ३,६०० वरून ३,००० फेऱ्यांवर आले. रस्त्यावर हे इंजिन अधिक सुखाचे होते. कारखान्याने लांब उंचवट्याकडून आखूड उंचवट्याकडे पाऊल मागे घेतले आणि गाडी सुधारली.

१४/
पहिल्या पोस्टमधील कोड्याचे उत्तर आता देता येते. १९६३ मध्ये आलेल्या १,०७१ सीसीच्या कूपर एसमध्ये शक्ती वाढली ती वाट मोकळी झाल्यामुळे. आतल्या झडपेचा व्यास साध्या मिनीत सुमारे २७.८ मिलिमीटर, एसमध्ये सुमारे ३५.६. क्षेत्रफळाच्या हिशेबाने दीडपटीहून जास्त. झडप थोडी अधिक उंच उचलली जात होती, बाहेरची झडप २२ अंश जास्त उघडी राहत होती, कार्ब्युरेटर दोन होते. क्रँकशाफ्ट उत्तम पोलादाचा, वर नायट्राइडचे कठीण कवच चढवलेला. मोठ्या दारातून तेवढ्याच वेळात जास्त माणसे आत येतात. दार उगाच उशिरापर्यंत उघडे ठेवावे लागत नाही.

१५/
हे काम दोन ठिकाणी पिकले होते. एक, कॉव्हेंट्रीतील मॉरिस इंजिन्स, जेथे एडी मॅहर यांच्या हाताखाली बीएमसीची स्पर्धा-इंजिने घडत. दुसरे, विल्टशरमधील डाऊनटन या खेड्यातले डॅनियल रिचमंड यांचे छोटे वर्कशॉप. रिचमंड यांची ख्याती होती ती सिलिंडर-हेड घासून वाटा गुळगुळीत करण्याच्या कौशल्यामुळे. बीएमसीने त्यांना सल्लागार म्हणून बोलावले. खेड्यातल्या कारागिराचे हात आणि महाकाय कंपनीची कार्यशाळा, असा तो संगम होता.

१६/
जानेवारी १९६४ मध्ये पॅडी हॉपकर्क आणि हेन्री लिडन यांनी मिन्स्कहून निघून माँटे कार्लो गाठले आणि कूपर एसला विजय मिळवून दिला. फोर्ड फाल्कनचा बो युंगफेल्ट कित्येक टप्प्यांत अधिक वेगवान होता. पण गुणांकनात इंजिनाच्या आकाराची सवलत होती आणि बर्फाळ वळणांवर मिनी चपळ होती. १९६५ मध्ये टिमो मॅकिनेन आणि १९६७ मध्ये राउनो आल्तोनेन यांनी हेच यश पुन्हा मिळवले. मधल्या वर्षी दिव्यांच्या नियमावरून मिनी बाद ठरवल्या गेल्या, आणि त्या वादानेही तिची कीर्तीच वाढवली.

१७/
कीर्तीबरोबर मागणी आली. बीएमसीने अ‍ॅबिंग्डन येथे 'स्पेशल ट्यूनिंग' विभाग सुरू करून स्पर्धेचे भाग सामान्य ग्राहकालाही विकले. भागांचे क्रमांक ही शौकिनांची बोलीभाषाच बनली. '७३१' म्हणजे वेगवान रस्त्यासाठीचा कॅमशाफ्ट, २६८ अंशांचा: २४-६४ आणि ५९-२९. '६४९' म्हणजे अस्सल शर्यतीचा, ३०० अंशांचा: ५०-७० आणि ७५-४५. पोस्टाने भाग मागवावा, आठवडाभर गॅरेजमध्ये राबावे, आणि आपलीही मिनी माँटे कार्लोची व्हावी, हे स्वप्न आवाक्यात आले.

१८/
स्वप्न आणि यंत्र यांची गाठ मात्र त्या पाच वाटांपाशी पडे. ए-सिरीजचा प्रज्वलनक्रम १-३-४-२. म्हणजे दुसऱ्या सिलिंडरच्या लगेच मागून, १८० अंशांनी, त्याचाच वाटेकरी पहिला सिलिंडर श्वास घेऊ लागतो. तसाच तिसऱ्यामागून चौथा. साध्या कॅमशाफ्टवर दोन्ही झडपा एकाच वाटेवर ५० अंश एकत्र उघड्या असतात. ७३१ वर ८८ अंश. ६४९ वर १२० अंश. आतला सिलिंडर शेवटचा घोट घेत असतानाच शेजारी ओढायला लागतो. उंचवटा जितका लांब, तितकी ही हिसकाहिसकी मोठी.

१९/
दुसरा परिणाम चालकाच्या कानाला कळतो. आतली झडप उघडू लागली असताना बाहेरची अजून मिटलेली नसते. हा सामाईक काळ साध्या मिनीत १५ अंशांचा, ९९७ कूपरमध्ये ३७, ७३१ मध्ये ५३, ६४९ मध्ये ९५. संथ फेऱ्यांवर जळलेला धूर याच काळात ताज्या मिश्रणात मिसळतो. सिग्नलला उभी असताना शर्यतीच्या कॅमशाफ्टची गाडी जी गचके खात गुरगुरते, तिचे मूळ हे आहे. अनेकांना तो आवाज शक्तीचा वाटतो. प्रत्यक्षात त्या क्षणी इंजिन गुदमरत असते.

२०/
६४९ ची जागा नव्हतीच असे नव्हे. १९६४ मध्ये तरुण जॅकी स्ट्युअर्टने केन टिरेलच्या संघातून, ए-सिरीजवर आधारलेल्या इंजिनाच्या कूपर गाडीत ब्रिटिश फॉर्म्युला थ्री गाजवले. शर्यतीच्या मैदानावर इंजिन संथ फेऱ्यांवर येतच नाही, गाडी हलकी असते, गिअर जवळजवळचे असतात. तेथे लांब उंचवटा योग्यच. बाजारात जाणाऱ्या, चढावर दुसऱ्या गिअरमध्ये अडकणाऱ्या गाडीत तोच भाग बसवला की मालकाची निराशा होते. भाग वाईट नसतो, फक्त त्याचे गाव वेगळे असते.

२१/
शिवाय कॅमशाफ्ट एकटा बदलता येत नाही. उशिरा मिटणाऱ्या झडपेमुळे दाब कमी पडतो, म्हणून संपीडनाचे गुणोत्तर वाढवावे लागते. वरच्या फेऱ्यांवर झडप उंचवट्याचा पाठलाग सोडू नये म्हणून कडक स्प्रिंगा लागतात. ए-सिरीजचा तेलपंप कॅमशाफ्टच्या शेपटीवर चालतो आणि त्या जोडाचे पिन, तारा व खाच असे तीन प्रकार आहेत. चुकीचा प्रकार आणला तर काम तेथेच थांबते. सुरुवातीच्या छोट्या ब्लॉकांत पुढचे बेअरिंग तेवढे अस्तराचे, बाकी दोन ठिकाणी दांडा थेट बिडात फिरतो.

२२/
बसवण्याचीही रीत आहे. जुन्या टॅपेटांवर जुन्या उंचवट्याची झीज उमटलेली असते, म्हणून नव्या दांड्यासोबत टॅपेटही नवेच. साध्या १,२७५ सीसी इंजिनाला टॅपेटांची बाजूची झाकणे नाहीत, त्यामुळे इंजिन उतरवून गिअरबॉक्सपासून वेगळे करावे लागते. मग क्रँकशाफ्टवर अंशांची चकती आणि झडपेवर डायल गेज लावून पहिल्या सिलिंडरची झडप पूर्ण केव्हा उघडते ते मोजायचे, आणि फरक आढळल्यास सरकवलेल्या चावीने दुरुस्त करायचा. पहिल्यांदा सुरू केल्यावर सुमारे वीस मिनिटे इंजिन २,००० फेऱ्यांच्या आसपास सलग चालवायचे. संथ फेऱ्यांवर तेलाचा शिडकावा अपुरा पडतो आणि नवा उंचवटा पहिल्याच दिवशी घासला जातो.

२३/
पुढच्या पिढीच्या कारागिरांनी पाच वाटांचे कोडे अधिक बारकाईने सोडवले. आतल्या आणि बाहेरच्या सिलिंडरांचे उंचवटे मुद्दाम किंचित वेगळ्या कोनांवर घासलेले 'स्कॅटर' कॅमशाफ्ट आले, जेणेकरून शेजाऱ्यांची हिसकाहिसकी कमी व्हावी. काहींनी कॅमशाफ्ट तसाच ठेवून रॉकरचे गुणोत्तर सुमारे १.२५ वरून १.५ केले, झडप अधिक उंच उचलली गेली, वेळापत्रक मात्र तेच राहिले. १९८२ च्या एमजी मेट्रोचा सौम्य कॅमशाफ्ट रस्त्यावरच्या मिनीत बसवण्याची चालही लोकप्रिय झाली. तिन्ही वाटांत एक समजूत समान आहे: शक्ती कमावताना संथ फेऱ्यांचे सुख शक्य तितके राखावे.

२४/
४ ऑक्टोबर २००० रोजी शेवटची जुनी मिनी कारखान्याबाहेर पडली. तेव्हाही तिच्यात ए-सिरीजच होते, वाटा पाच आणि कॅमशाफ्ट ब्लॉकच्या पोटात. जवळजवळ पन्नास वर्षे एकाच सांगाड्यातून २८ अश्वशक्तीची कुटुंबी गाडीही चालली आणि रॅलीची विजेतीही.

२५/
दंतकथा क्रमांक लक्षात ठेवते: ६४९, ७३१. पुस्तिका दुसरे आकडे सांगते: ५ आणि ४५. प्रदर्शनगृहात विकल्या गेलेल्या कूपर एसच्या मालकाला कारखान्याने दिलेले वेळापत्रक आजीबाईच्या मिनीचेच होते, कारण ती गाडी रोज चालायची होती. स्पर्धेसाठीचे कॅमशाफ्ट वेगळे आणि त्यांचे दिवसही वेगळे. आज जुनी मिनी उघडून बसलेल्या तरुणाने कॅमशाफ्टची यादी चाळण्यापूर्वी आपली गाडी दिवसातला किती वेळ कोणत्या फेऱ्यांवर धावते, हे कागदावर लिहावे. बीएमसीच्या अभियंत्यांनी १९६४ मध्ये ९९८ साठी हाच हिशेब केला होता.

(धागा समाप्त)